पेशी डीएनए वाचून प्रथिनं कशी बनवते? खान्देशातून हमखास येणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः तीन प्रकारच्या लोकांचे आहेत. बारावी आणि नीटची तयारी करणारी मुलं, कापूस-केळीवाले शेतकरी, आणि सातपुड्याच्या कुशीतल्या गावांतून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीला आलेली कुटुंबं. वरवर पाहिलं तर या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण उत्तर द्यायला बसलं की दर वेळी एकाच वाटेने जावं लागतं: डीएनए, त्यावरून आरएनए, त्यावरून प्रथिन. म्हणून सगळे प्रश्न एकाच पानावर घेतले आहेत. पहिले पाच वाचले की पुढचे आपोआप सोपे जातात.

डीएनए शरीरात नेमकं काय काम करतो?

खरं सांगायचं तर स्वतः काहीच नाही. रक्तातून ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. भाकरीचा घास चावताना त्यातला स्टार्च फोडतं ते लाळेतलं अमायलेज. रक्तातली साखर पेशीत घ्यायला सांगतं ते इन्सुलिन. ही सगळी प्रथिनं आहेत. अंगातली कामं करायची ती बहुतेक प्रथिनांनीच. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लं नावाच्या लहान रेणूंची साखळी. कुठल्या प्रथिनात कोणती अमिनो आम्लं कोणत्या क्रमाने जोडायची, हे डीएनएत लिहिलेलं असतं.

माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं, म्हणजे एकेका प्रथिनाचा मजकूर असलेले डीएनएचे भाग, साधारण २० हजार आहेत, आणि त्यांतला प्रत्यक्ष प्रथिनात उतरणारा मजकूर एकूण डीएनएच्या दीड-दोन टक्क्यांहून जास्त भरत नाही. उरलेल्यातला काही भाग कोणतं जनुक कधी आणि कुठे चालू करायचं ते ठरवतो. 'हुशारीचं जनुक सापडलं' अशा बातम्या येतात तेव्हा मी मुलांना एवढंच विचारायला सांगतो, की ते जनुक प्रथिन कोणतं बनवतं? बहुतेक बातम्यांची हवा तिथेच निघते.

सगळ्या पेशींत डीएनए तोच असतो, तर डोळा आणि यकृत वेगळे कसे?

कारण प्रत्येक पेशी सगळीच जनुकं वाचत नाही. इन्सुलिनचं जनुक कातडीच्या पेशीतही आहे, पण तिथे ते बंद असतं. ते वाचलं जातं स्वादुपिंडातल्या बीटा पेशींत. जनुकाच्या सुरुवातीला प्रमोटर नावाचा भाग असतो. त्याच्यावर योग्य ती प्रथिनं येऊन बसली तरच वाचन सुरू होतं, आणि कोणत्या पेशीत कोणती प्रथिनं हजर आहेत यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणजे जनुक वाचायलाही आधी प्रथिनंच लागतात! मग आधी काय झालं, असं कोणी ना कोणी विचारतंच. प्रश्न चांगला आहे, पण तो सजीवसृष्टीच्या आरंभाचा आहे. आज प्रत्येक पेशीला डीएनए आणि प्रथिनं दोन्ही आधीच्या पेशीकडून तयार मिळतात.

प्रतिलेखन म्हणजे काय? पेशी थेट डीएनएवरूनच प्रथिन का बनवत नाही?

तलाठ्याकडचं मूळ दप्तर कोणी घरी नेऊ देत नाही. आपल्याला हव्या त्या गटाचा उतारा मिळतो, आणि बँकेचं, सोसायटीचं काम त्या उताऱ्यावर होतं. डीएनए केंद्रकातच राहतो. ज्या जनुकाची गरज आहे तेवढ्याचा उतारा निघतो, यालाच प्रतिलेखन म्हणतात. तो उतारा म्हणजे संदेशवाहक आरएनए, एम-आरएनए. एका जनुकाचे हवे तितके उतारे काढता येतात, काम झालं की ते मोडीत निघतात, आणि मूळ प्रत सुरक्षित राहते.

डीएनए ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. उतारा काढणारं विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) म्हणजे आरएनए पॉलिमरेज. ते डीएनएच्या दोन साखळ्या थोड्या उकलतं आणि त्यांतल्या एकीवरून जोडीची अक्षरं लावत जातं: जी समोर सी, सी समोर जी, टी समोर ए. फरक एकच, ए समोर टी न येता यू येतो.

माणसात आणि कापसातही हा पहिला उतारा तसाच्या तसा चालत नाही. मधले बिनकामाचे तुकडे, म्हणजे इंट्रॉन, कापून टाकावे लागतात आणि उरलेले एक्झॉन जोडावे लागतात. हे १९७७ मध्ये उघड झालं. हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीच्या जनुकात असे दोन इंट्रॉन आहेत. ते कापल्यावर प्रथिनाचा मजकूर उरतो फक्त ४४४ अक्षरांचा.

कोडॉन तीन अक्षरांचाच का?

कोडॉन म्हणजे एम-आरएनएतला, एक अमिनो आम्ल दाखवणारा अक्षरांचा गट. अक्षरं चार, अमिनो आम्लं वीस. एकेक अक्षराने चारच अमिनो आम्लं दाखवता येतील, दोन-दोनने सोळा. तीन-तीनने चौसष्ट होतात, म्हणजे वीसला पुरून उरतात. म्हणून बऱ्याच अमिनो आम्लांना एकाहून जास्त कोडॉन मिळाले आहेत. ६४ पैकी ६१ अमिनो आम्लांचे, आणि तीन 'थांबा' म्हणणारे: यूएए, यूएजी, यूजीए. सुरुवात एयूजीने.

हा तक्ता कोणी बसल्या जागी मांडलेला नाही. १९६१ मध्ये मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिश मथाई यांनी नुसत्या यू अक्षरांचा आरएनए पेशींच्या अर्कात घातला आणि फक्त फेनिलॲलॅनिनची साखळी बाहेर आली. यूयूयू म्हणजे फेनिलॲलॅनिन, हा पहिला उलगडा. हरगोबिंद खोराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए प्रयोगशाळेत जोडून इतर कोडॉनचे अर्थ लावायला मोठा हातभार लावला. १९६८ चं नोबेल निरेनबर्ग, खोराना आणि टी-आरएनएची (अमिनो आम्ल आणून देणाऱ्या आरएनएची) रचना शोधणारे रॉबर्ट हॉली या तिघांना मिळालं.

रायबोझोममध्ये प्रत्यक्ष काय घडतं?

पुस्तकातली आकृती पाहून डोक्यात काही शिरत नाही, असं मुलं म्हणतात. मग खरा मजकूरच घेऊ. बीटा हिमोग्लोबिनच्या एम-आरएनएतले पहिले नऊ कोडॉन असे आहेत:

एयूजी, जीयूजी, सीएयू, सीयूजी, एसीयू, सीसीयू, जीएजी, जीएजी, एएजी

रायबोझोम, म्हणजे पेशीतलं प्रथिन जोडणारं यंत्र, एयूजीवर येऊन बसतो. त्याचे दोन भाग असतात, एक लहान, एक मोठा, आणि एम-आरएनए त्यांच्या मधून सरकतो. आता अमिनो आम्ल आणायचं काम टी-आरएनएचं. त्याच्या एका टोकाला तीन अक्षरांचा अँटिकोडॉन, दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल. जीएजीसमोर सीयूसी अँटिकोडॉनचा टी-आरएनए जुळतो आणि त्याच्यावर ग्लुटामिक आम्ल असतं. जुळला की आधीची साखळी या नव्या अमिनो आम्लाला जोडली जाते, रायबोझोम तीन अक्षरं पुढे सरकतो, रिकामा टी-आरएनए बाहेर पडतो. पुन्हा तेच.

वरच्या नऊ कोडॉनची साखळी अशी: मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, लायसिन. सुरुवातीचं मेथिओनिन नंतर काढून टाकलं जातं. म्हणून कोडॉन मोजताना सातवा असलेला जीएजी पुस्तकात 'सहावं अमिनो आम्ल' म्हणून येतो. परीक्षेत इथे गोंधळ होतो, तेवढं लक्षात ठेवा.

माणसाच्या पेशीत सेकंदाला साधारण पाचेक अमिनो आम्लं जोडली जातात, म्हणजे ही पूर्ण साखळी अर्ध्या मिनिटाच्या आसपास तयार होते. एकाच एम-आरएनएवर एकामागे एक असे बरेच रायबोझोम चालू असतात, त्यामुळे माल भराभर निघतो.

कोडॉनचा अर्थ खरा कोण लावतं, हे मात्र शिकवताना नेहमी राहून जातं. रायबोझोम टी-आरएनएवर कोणतं अमिनो आम्ल आहे ते तपासत नाही, तो फक्त अक्षरांची जुळणी पाहतो. योग्य टी-आरएनएवर योग्य अमिनो आम्ल चढवायचं काम अमिनोॲसिल टी-आरएनए सिंथेटेज या विकरांचं. तिथे चूक झाली तर पुढे ती फारशी पकडली जात नाही. माझ्या मते या सगळ्या कारभारातले खरे जाणकार तेच, आणि आकृतीत त्यांना जागाच नसते.

रायबोझोमची अणू-अणूंपर्यंतची रचना उलगडल्याबद्दल २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांना मिळालं. रामकृष्णन यांचा जन्म चिदंबरमचा, बीएस्सी मात्र बडोद्यात, आपल्या नंदुरबारच्या शेजारीच, आणि तीही भौतिकशास्त्रात. 'मी बायोलॉजीचा नाही' म्हणणाऱ्या पोरांना हे मुद्दाम सांगतो.

'आमले काहीच नही शे, मंग पोऱ्याले सिकलसेल कसा काय व्हयना?'

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः अक्कलकुवा, धडगाव या पट्ट्यात, भिल आणि पावरा समाजांत सिकलसेल बऱ्यापैकी आढळतो, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

बीटा हिमोग्लोबिनचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. आई-वडील दोघांची एकेक प्रत बदललेली असेल तर ते 'वाहक'. दुसऱ्या चांगल्या प्रतीवरून पुरेसं हिमोग्लोबिन तयार होतं, त्यामुळे त्यांना बहुधा काहीच त्रास नसतो. मुलाला दोघांकडून नेमकी बदललेली प्रत आली की आजार होतो.

प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता २५ टक्के असते. वाहक होण्याची ५० टक्के, पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. 'चारातलं एक झालं, आता पुढची तीन सुटली' असा हिशोब लोक करतात. तो धरू नका, दर वेळी शक्यता नव्याने तीच असते. मुलगा-मुलगी असा भेद नाही. आणि एकट्या आईला दोष देणं तर सरळ चुकीचं आहे, कारण दोन्हीकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही.

आता बदल केवढा, ते बघा. वरच्या यादीतला सातवा कोडॉन जीएजी. डीएनएत एका ए च्या जागी टी आला आणि उताऱ्यात जीएजीचा जीयूजी झाला. रायबोझोमने इमानेइतबारे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन जोडलं. १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत एकच बदल. पण ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाण्यात रमतं, तर व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरतं. ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनच्या रेणूंवर तो व्हॅलिनचा भाग शेजारच्या रेणूतल्या खोबणीत जाऊन बसतो. रेणूला रेणू चिकटत लांब ताठर धागे तयार होतात. त्या धाग्यांनी तांबडी पेशी वाकडी होते, विळ्यासारखी. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हातपाय आणि सांधे असह्य दुखतात. शिवाय त्या लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी पडतं. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही त्याच्या कितीतरी आधी संपते.

रक्ताच्या तपासणीतही हाच विद्युतभार कामी येतो. आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये रक्तातलं हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात सोडतात. ऋणभार कमी झालेलं सिकल हिमोग्लोबिन मागे राहतं, नेहमीचं पुढे जातं. वाहकाच्या नमुन्यात दोन पट्टे दिसतात, रुग्णाच्या नमुन्यात नेहमीच्या हिमोग्लोबिनचा पट्टाच नसतो. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये याच पद्धतीने हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं, आणि पुढे १९५६ मध्ये व्हर्नन इनग्राम यांना नेमका फरक सापडला.

इतका त्रासदायक बदल पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? वाहक माणसाला फाल्सिपेरम मलेरियाचा गंभीर प्रकार होण्याचा धोका कमी असतो. जिथे मलेरिया पूर्वापार होता तिथे वाहक जास्त जगले. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. लग्न जमवताना पत्रिका बघतोच, तर तपासणीचा कागदही बघावा.

हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी जनुक दुरुस्त होतं का?

नाही. बाळ पोटात असताना त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते, आणि तिचं जनुक जन्मानंतर जवळजवळ बंद होतं. सिकलसेलवरच्या या गोळीने ते पुन्हा थोडं वाचलं जाऊ लागतं. गॅमा साखळी त्या चिकट धाग्यांत बसत नाही, त्यामुळे त्रास कमी होतो. बदललेलं बीटा जनुक जागच्या जागी असतं. गोळी सुरू करणं, डोस ठरवणं, मधूनमधून रक्त तपासणं हे डॉक्टरांचं काम. बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नका.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत कॅसजेव्ही या जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यातही बीटा जनुकाला हात लावत नाहीत, गॅमा बंद ठेवणाऱ्या प्रथिनाचंच वाचन रक्तपेशींत थांबवतात. खर्च अर्थात आपल्या आवाक्याबाहेरचा.

बीटी कापूस खाऊन अळी मरते, मग सरकीची ढेप खाऊन म्हैस का मरत नाही?

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीतला एक जिवाणू. त्याचं क्राय१एसी नावाच्या प्रथिनाचं जनुक कापसात घातलं. जिवाणूचं जनुक कापसाला वाचता येतं, कारण कोडॉनचा तक्ता दोघांचा एकच आहे. तरी एक अडचण होती. त्याच अमिनो आम्लासाठी जिवाणू आणि झाड वेगवेगळे कोडॉन जास्त वापरतात, त्यामुळे मूळ जनुकावरून झाडात प्रथिन फारच कमी निघे. म्हणून अमिनो आम्लांचा क्रम जवळपास तोच ठेवून जनुक झाडाला सोयीच्या कोडॉनमध्ये नव्याने लिहिलं. पुढे झाडात चालणारा प्रमोटर जोडला.

अळीच्या आतड्यात वातावरण अल्कधर्मी असतं. तिथे हे प्रथिन विरघळतं, तिच्याच विकरांनी कापलं जातं आणि आतड्याच्या पेशींवरच्या विशिष्ट प्रथिनांना चिकटतं. मग त्या पेशींना भोकं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते. म्हशीच्या पोटात ते इतर प्रथिनांसारखं पचतं, आणि तिच्या आतड्यात ते चिकटायला तशी जागाच नसते.

मग गुलाबी बोंडअळी आता का मरत नाही?

कारण तिच्यातही डीएनए आहे. आतड्यातल्या ज्या प्रथिनाला क्राय१एसी चिकटतं त्यांतलं एक म्हणजे कॅडहेरिन. ज्या अळ्यांत कॅडहेरिनचं जनुक बिघडलेलं होतं त्यांचं कॅडहेरिन अर्धवट बनलं, विषाला चिकटायला जागा उरली नाही, आणि त्या वाचल्या. भारतातल्या प्रतिकारक गुलाबी अळ्यांत तर इंट्रॉन कापताना उतारा चुकीचा जोडला जातो असं आढळलं आहे.

२००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये क्राय२एबी हे दुसरं प्रथिन जोडलेलं बोलगार्ड-२ बियाणं आलं, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी अळीने महाराष्ट्रभर दाणादाण उडवली. त्यात भर म्हणजे झाड जसं जुनं होतं तसं पानाबोंडांतलं क्राय१एसी कमी होत जातं. फरदड (वेचणीनंतरही शेतात राखलेला कापूस) ठेवली की अळीला अशी कमी विषाची बोंडं महिनोन्‌महिने मिळतात, म्हणजे थोडीफार प्रतिकारक असलेली अळीही तगते आणि पुढची पिढी वाढवते. फरदडीचे चार पैसे दिसतात, पण पुढच्या वर्षीचं नुकसान त्यातच असतं.

केळीवरच्या सीएमव्हीला औषध का नाही?

रावेर-यावल भागात जुनी माणसं ज्याला हरण्या म्हणतात तोच हा कुकुंबर मोझॅक व्हायरस. त्याच्याकडे डीएनए नाहीच, थेट आरएनए आहे. केळीच्या पेशीत शिरला की तिथले रायबोझोम तो आपलाच एम-आरएनए समजून वाचतात आणि विषाणूची प्रथिनं बनवू लागतात. विषाणूचं काम थांबवायला रायबोझोम थांबवावे तर केळीच मरेल. त्यामुळे बुरशीनाशक, प्रतिजैविक, कशाचाच उपयोग नाही. रोगट झाड उपटून नष्ट करणं, मावा आटोक्यात ठेवणं आणि केळीत काकडीवर्गीय वेल न लावणं, एवढंच आपल्या हातात. रोपं टिश्यू कल्चरची असतील तर सगळ्यांचा डीएनए जवळपास एकच, त्यामुळे एक बळी पडतं तर शेजारचंही पडतं.

प्रथिनं खाल्ली की तीच अंगाला लागतात का? कोलॅजनची पावडर घ्यावी का?

खाल्लेलं प्रथिन आतड्यात तुटून त्याची सुटी अमिनो आम्लं आणि बारीक तुकडे होतात. पेशी त्यांतून स्वतःच्या एम-आरएनएप्रमाणे नवी साखळी जोडते. कोलॅजन खाल्लं म्हणजे ते कातडीत जाऊन बसेल असं काही नाही. पैसे वाचवा.

नऊ अमिनो आम्लं मात्र शरीराला बनवता येत नाहीत, ती जेवणातूनच यावी लागतात. ज्वारीत लायसिन कमी असतं. वरच्या यादीतला शेवटचा एएजी म्हणजे लायसिन. ते पुरेसं मिळालं नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून भागवतं. उडदात लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी, आणि ती उणीव ज्वारी भरून काढते. ज्वारीत सालासकट काळे उडीद घालून दळलेली कळण्याची भाकरी या हिशोबात चोख बसते. सोबत ठेचा आणि तेल हवंच, पण ते जिभेसाठी.

अझिथ्रोमायसिन, डॉक्सीसायक्लिन आपल्या रायबोझोमला बाधत नाहीत का?

ही दोन्ही प्रतिजैविकं आहेत, आणि जिवाणूंचे रायबोझोम आपल्यापेक्षा घडणीने वेगळे असतात. डॉक्सीसायक्लिन त्यांच्या लहान भागावर बसून टी-आरएनएला आत येऊ देत नाही, अझिथ्रोमायसिन मोठ्या भागातली साखळी बाहेर पडायची वाट अडवतं. साध्या सर्दीच्या विषाणूकडे स्वतःचे रायबोझोमच नाहीत, म्हणून सर्दीला ही औषधं मागू नका.

परीक्षेसाठी हे पाठ कसं करायचं?

पाठ करू नका, एकदा हाताने लिहा. डीएनएची साचा-साखळी (जिच्यावरून उतारा निघतो ती) अशी घ्या: टीएसी, सीएसी, जीटीए, जीएसी, टीजीए, जीजीए, सीटीसी. तिच्यावरून एम-आरएनए लिहा, तक्त्यातून अमिनो आम्लं काढा. मग शेवटच्या सीटीसीमधला टी खोडून तिथे ए लिहा आणि पुन्हा सगळं काढा. उत्तर बरोबर आलं की नाही हे कोणाला विचारायची गरज नाही, ते सिकलसेलच्या प्रश्नात दिलेलं आहे.